कोठीमागची भेग

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, पोराला तर नाहीच नाही. देवापुढं बसले आणि तोंडाशी आलं, की मी वात सारखी करते, हळदीकुंकवाचा करंडा उघडते, काहीतरी काम काढते आणि उठते. आज तुम्ही बसलाच आहात तर ऐका. फक्त मधे थांबवू नका — थांबवलं की मी विषय बदलते, ती सवय मला लई जुनी आहे.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतली वर्षा आली होती. तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय आणि घराचे हप्ते थकलेत. दारातच रडायला लागली पोरगी. काकू, तुम्ही कसं हो वाचवलं घर? सगळे म्हणतात काकूंना विचार. आणि मी — काय बाई मी! पदर खोचून तिला शिकवायला बसले. म्हटलं, बँकेपासून तोंड लपवू नको, फोन आला तर उचल. सगळं थकायच्या आधी जा, नंतर गेलीस तर बसायला खुर्ची देणार नाहीत. मुदत वाढवून माग, हप्ता बारीक होतो. काही महिने नुसतं व्याज भरून चालतंय का, ते विचार. वरच्या खोल्या क्लासच्या पोरींना दे आणि भाडं सरळ कर्जाच्या खात्यात लाव. आणि यातलं काहीच जमलं नाही तर घर तू स्वतः विक, बँकेला विकू देऊ नको. पोरीनं डोळे पुसले आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले. तिला वाटलं असेल, काकू किती साध्या.

साध्या! हे सगळं मला कुठून कळलं? सुमनबरोबर बँकेत बसून कळलं. सुमननं यातली एकेक गोष्ट करून पाहिली, शेवटपर्यंत. तिचं घर गेलं. माझं राहिलं. आणि आता सल्ला कोण देतं, तर मी. चीड येते हो. बँकेची येते, या गावाची येते, त्या मेल्या क्लासवाल्यांची येते — आणि सगळ्यात जास्त जिची येते, तिच्याबद्दलच सांगायला बसलेय ना?

सुमन माझी शेजारीण. लातूरला आमचे प्लॉट लागून होते. मिस्त्री एक, वीट एका भट्टीची, वास्तुशांतीचा भटजीसुद्धा एक. ती निलंग्याकडची, मी मुखेडची. वयानं लहान म्हणून मला अक्का म्हणायची. दोन घरांमधली भिंत आम्ही मुद्दाम कमरेएवढीच ठेवली होती, ताट देता-घेता यावं म्हणून. तिचे मालक दिगंबरराव डाळमिलवर मुनीम होते, आमचे हे शाळेत मास्तर.

भूकंप झाला तेव्हा घरं नवीकोरी होती. दोन्ही उभी राहिली. आमचे हे शाळेतल्या माणसांबरोबर किल्लारीकडं गेले, ढिगारे उपसायला. गेले ते एक आणि परत आले ते वेगळेच. आठवडाभर धड बोलले नाहीत, जेवले नाहीत. मग अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि त्यात झोपायला लागले. तसं तेव्हा अख्खं लातूरच पत्र्याखाली झोपत होतं. पण बाकीचे लोक हळूहळू घरात गेले, हे मात्र जाईनात. मला एकच सांगून ठेवलं होतं — या घराला एक जरी भेग दिसली, तर मिळेल त्या भावात विकायचं आणि मुखेडला निघायचं.

आणि भेग होती की!

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्या मधल्या भिंतीला होती. खिडकीच्या कोपऱ्यातून निघायची ती तिरपी होत फरशीपर्यंत. नख जाईल एवढी रुंद. एक दिवस मला ती दिसली. पुन्हा मुखेड? पुन्हा सासूबाईंच्या हाताखाली, पुन्हा पाच जावांत एक चूल? मी भिंतीवरून सुमनला हाक मारली. ती पिठाच्या हातानं धावत आली. हे शाळेत गेलेले होते. सुमननंच घमेल्यात सिमेंट कालवलं, दोघींनी भेग बुजवली, वर चुन्याचा हात मारला आणि ज्वारीची भरलेली कोठी ढकलत ढकलत त्या भिंतीला नेऊन लावली. ढकलताना आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो, की सुमन फरशीवर फतकल मारून बसली. म्हणाली, "अक्का, आता जग बुडालं तरी ही कोठी हलवायची न्हाई." कुणाला सांगू नको असं मी तिला म्हटलंसुद्धा नाही. म्हणायची गरजच काय होती?

पुढं क्लास आले. लोक भूकंप विसरले असं म्हणणार नाही मी, या गावात तो कुणीच विसरत नाही. पण पैसा दिसला की भीती जरा सरकून बसते. जिथं स्लॅबखाली झोपायला माणूस तयार नव्हता, तिथं जो तो मजला चढवायला लागला. दहावीचा निकाल लागला की उमरी, मुदखेड, परभणी, कुठून कुठून आई-बाप पोरींना घेऊन गल्लीगल्लीत खोल्या बघत फिरायचे. पोरगी डॉक्टर करायची होती ना! आम्ही दोघींनीही घर गहाण टाकून कर्ज काढलं आणि वर खोल्या बांधल्या. हे तोवर घरात झोपायला लागले होते. मिस्त्रीला मी एकटीनं बोलावून कोठीमागची जागा दाखवली. तो म्हणाला, ही नुसती आडभिंत हाय, हिच्यावर वजन न्हाई, फिकीर करू नका. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

चांगलं चाललं होतं. मग एक वर्ष असं आलं की क्लासवाल्यांनी स्वतःचीच होस्टेलं काढली आणि आमच्या बाजूच्या खोल्या खाली पडल्या. त्याच वर्षी डाळमिल बंद झाली. दिगंबरराव घरी बसले. आधी महिनाभर, मग दोन महिने, मग ते अंगणात यायचेच बंद झाले. हप्ते थकले. नोटीस आली तेव्हा सुमन मला घेऊन बँकेत गेली, एकटीला भीती वाटते म्हणाली.

साहेब तरुण होता, आणि चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्यानं चहा मागवला आणि नीट समजावून सांगितलं. मुदत वाढवता येईल, हप्ता निम्म्यावर आणता येईल, पण वरच्या ऑफिसला काहीतरी दाखवावं लागेल. क्लास सुरू व्हायच्या आत खोल्या भरा, भाडेकरूंची लेखी हमी आणा, मी शिफारस करतो. तेही नाही जमलं तर घर तुम्ही विका, म्हणाला. तुम्ही विकलं तर कर्ज फिटून चार पैसे हातात राहतील. आम्ही विकायला काढलं की लोक पाडूनच मागतात.

येताना सुमननं मला उसाचा रस पाजला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला होता. "खोल्या भरायच्या, एवढंच तं हाय, अक्का! तुझ्याकडं कुणी आलं अन् तुझ्याकडं जागा नसली, तं माझ्याकडं धाड." मी हाव, धाडते म्हणाले. माझ्याकडं जागाच जागा होती. माझ्याही खोल्या रिकाम्या होत्या, माझाही हप्ता होता, ह्यांच्या पगारातून तो भरला की घरात भाजीला उरत नव्हतं. हे मी तिला बोलले नाही. रस प्यायले.

आता ऐका. आता येतेच मी त्या गोष्टीवर.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पोरीला कुठं ठेवायचं तर खोली बघतात, पाणी बघतात, भाडं ठरवतात, आणि शब्द द्यायच्या आधी शेजारणीकडं येतात. पाणी मागतात. मग हळूच विचारतात, माणसं कशी आहेत हो? मालक पितात का? शेजारणीनं मान हलवली की मगच सामान उतरतं.

उमरीचे एक मास्तर आले होते, मुलीला घेऊन. त्यांच्या शाळेतल्या बऱ्याच पोरी लातूरला यायच्या होत्या आणि सगळ्यांचे आई-बाप या मास्तरांच्या भरवशावर होते. पोरी एकाच घरात राहिल्या पाहिजेत म्हणत होते. म्हणजे ज्या घरात त्या जातील त्या घराच्या खोल्या भरल्या! सुमनकडं सगळं बघून झालं होतं. खोल्या हवेशीर, पाण्याची टाकी मोठी, भाडं माझ्यापेक्षा कमी. माझी जागा बघायला ते आलेच नव्हते. ते आले होते सुमनबद्दल विचारायला.

मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, माणसं कशी आहेत?

मी म्हणाले, "माणसं सोन्यासारखी आहेत, भाऊ. घराचंच तेवढं — भूकंपात भेग गेलीय भिंतीला. आता बुजवलीय म्हणा, दिसायची नाही."

झालं. एवढंच. ओरडले नाही, भांडले नाही. उलट गळा दाटल्यासारखा आवाज काढला, जणू मला बिचारीचं वाईट वाटत होतं. मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. भेग कुठं आहे, विचारलं. आणि मी सांगितली! खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, तिरपी जाते, फरशीपर्यंत. नख जाईल एवढी. अडखळलेसुद्धा नाही. अडखळणार कशाला? सगळं पाठ होतं मला. फक्त भिंत बदलली.

आधी ठरवलं होतं का? नाही. तोंडातून निसटलं का? तेही नाही. मास्तर तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होते, तेवढा वेळ होता माझ्याकडं. तेवढ्यात मी ठरवलं. त्यांनी मग आपणहून विचारलं, तुमच्याकडं आहेत का खोल्या? त्या सगळ्या पोरी माझ्याकडं आल्या.

लातूरमधे घराला वाईट म्हणायचं असेल तर भूत आहे म्हणू नका, वास्तुदोष म्हणू नका, लोक हसतील. भेग आहे म्हणा. दुसरा शब्द लागत नाही. आणि आई-बापांची तर बोलायचीच जागा ठरलेली — क्लासच्या दारात, एसटी स्टँडवर, गाडीची वाट बघत. उमरीच्या मास्तरांनी चांगल्या मनानंच चार जणांना सांगितलं असेल, पोरींच्या काळजीनं. आठवड्याभरात सुमनच्या फाटकापर्यंत येऊन लोक परत जायला लागले. मी माझ्या ओट्यावरून बघत होते.

तिला कारण कळलं तेव्हा ती हसली होती आधी. म्हणाली, या आणि दाखवा कुठं हाय भेग! लोक आले, भिंती ठोकून पाहिल्या, काहीच सापडलं नाही. आणि आमचे लोक किती शहाणे बघा — सापडत नाही म्हणजे चांगली दडवली असेल, म्हणाले! मग तिनं कानातलं मोडून इंजिनियर आणला. घर ठणठणीत आहे असं लिहून घेतलं. तर म्हणे, पैसे दिल्यावर कोण लिहून देत नाही? सांगा आता. भेग असती तर बुजवता आली असती. नसलेली भेग बाईनं बुजवावी तरी कशी?

ती माझ्याकडं आली. माझ्या स्वयंपाकघरात, कोठीला पाठ टेकून बसली. हो, त्याच कोठीला. म्हणाली, "अक्का, कुणी उठवलं असंल गं हे? माझं कुणाशी काय वाकडं हाय?" मी कणिक मळत होते, मळतच राहिले. मग म्हणाली, "तू तं पहिल्यापासून माझं घर बघून राहिलीस. तू सांग ना लोकांला. शेजारणीचं ऐकतेत." मी म्हणाले, सांगते. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि उठून गेली.

मी सांगितलं नाही. रोज कुणी ना कुणी येत होतं, पाणी मागत होतं, तिच्या घराबद्दल विचारत होतं. मी नुसती म्हणायची, काय सांगावं बाई, ज्यानं त्यानं बघून घ्यावं. हे वाक्य दिसायला किती गरीब आहे ना?

क्लास सुरू झाले. बँकेतल्या त्या साहेबाची बदली झाली आणि नव्या साहेबानं कागद बाजूला सारले. मग तिनं घर विकायला काढलं. गिऱ्हाइकं आली, भेगेचं घर म्हणून अर्ध्यानं मागायला लागली, त्यात कर्जसुद्धा फिटत नव्हतं. एकेक वाट होती तिच्यासमोर, साहेबानं बोटांवर मोजून सांगितलेली. मुदत, भाडं, विक्री. सगळ्या वाटा माझ्या ओट्यावर येऊन अडल्या. शेवटी दाराला बँकेची नोटीस चिकटली, लिलाव झाला. ज्यानं घर घेतलं त्यानं दुसऱ्याच वर्षी वर आणखी एक मजला चढवला. भिंतीला काही झालं नाही.

या सगळ्यात मला खरी भीती कशाची होती, सांगू? ती चिडून एक दिवस बोलेल याची. तिला एकच वाक्य पुरलं असतं — भेग माझ्या घरात न्हाई, अक्काच्या घरात हाय, कोठी सरकवा अन् बघा. लोकांना दाखवायला खरी भेग तिच्याकडं होती, माझी! मी रोज वाट बघत होते. भिंतीपलीकडं आवाज चढला की मी हातातलं काम टाकून कान द्यायची. तिचं घर वाचलं असतं का तेवढ्यानं? निदान माझ्याकडच्या पोरी तरी तिच्याकडं गेल्या असत्या. ती बोलली नाही. विसरली होती का? कोठी विसरेल ती? का कळलं होतं तिला, की एवढी नखभर रुंद, खिडकीपासून फरशीपर्यंतची भेग जगात दोघींनाच माहीत आहे? मला आजही माहीत नाही. तिनं कधी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. नांदेडला भावाकडं गेली ती. नंबर आहे माझ्याकडं.

निघाली त्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो लागला होता. दिगंबरराव पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसले होते, मान खाली घालून. सुमन पाटा-वरवंटा उचलून देत होती. मी वरच्या जिन्यात पोरींचे कपडे वाळत घालत होते — खाली जाऊन हात लावावा एवढंही जमलं नाही मला, पिळलेली चादर पुन्हा पुन्हा पिळत उभी होते. तेवढ्यात मुदखेडचे एक गृहस्थ आले, रेल्वेतले. सोबत बायको आणि मुलगी. मुलीच्या हातात नवी कोरी बादली. त्यांना घरं माहीत नव्हती, टेम्पो दिसला म्हणून सुमनलाच विचारायला थांबले. म्हणाले, ताई, इकडं एका घराला भेग आहे म्हणतात. ते कोणतं?

सुमननं वरवंटा टेम्पोत ठेवला. हात झटकले. म्हणाली, "ते हे. रिकामंच करून राहिलो."

मग त्या बाईनं आमच्या घराकडं बोट केलं. आणि हे कसं आहे हो? माणसं कशी आहेत?

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. शेजारणीलाच विचारत होते ना ते. रीतच आहे ती. तिनं नुसती मान हलवली नसती तरी पुरलं असतं.

सुमन म्हणाली, "ते पक्कं हाय. माझ्या डोळ्यासमोर बांधलंय. माणसं बी चांगली. पोरीला बिनघोर ठेवा."

वर बघितलं नाही तिनं. टेम्पोत चढली, पदर सावरला, आणि टेम्पो निघाला. तो कोपऱ्यावर वळायच्या आत ते तिघं माझ्या दारात होते. मी जिना उतरून खाली आले, त्यांना पाणी दिलं. मग नुकतीच खाली झालेली एक खोली दाखवली, भाडं सांगितलं आणि पहिल्या महिन्याचं आगाऊ घेतलं.